ओळख, पुडीत काय आहे

आल्मेरे,
४ एप्रिल २०२१

ती. सौ. नीलांबरीआत्यास,
मृण्मयीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आतली पुडी परवा मिळाली. पण यावेळी पुडीत काय आहे ते मी ओळखलेलं नाही, आणि मागच्या पुडीला ‘वाळा’ लिहिलं ते चक्क ठोकून दिलं होतं. आत्या, मला जानेवारीपासून वास येत नाही.

आम्हा दोघांना कोरोना झाला होता. ऋषभला चार दिवस ताप, मला नुसती सर्दी. पाचव्या दिवशी कॉफी केली तर कपात गरम पाणी असल्यासारखं वाटलं. फोडणी, साबण, ऋषभचे मोजे, सगळं एकच: काही नाही. मोज्यांच्या बाबतीत मी सुटले, असं ऋषभचं म्हणणं आहे. इथल्या फॅमिली डॉक्टरला डच भाषेत हाउसआर्ट्स म्हणतात. त्यांनी नेहमीप्रमाणे पॅरासिटॅमॉल आणि धीर, अशी दोन औषधं दिली.

मी काय काम करते ते तुला सांगायला नको. ‘आमची मृण्मयी वास घ्यायचा पगार घेते’ हे तूच अख्ख्या सांगलीला सांगितलंस. आमची कंपनी खाण्याच्या पदार्थांचे अर्क बनवते आणि ते बरोबर उतरलेत का, हे हुंगून ठरवणं हे माझं काम. मॅनेजर भली आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत तिने मला कागदपत्रांचं काम दिलंय. तो महिना संपता संपता नाकाची चाचणी. नापास झाले तर कॉन्ट्रॅक्ट पुढे नाही, आणि आम्हा दोघांचं इथलं परमिट त्याच नोकरीवर आहे.

मी हातपाय गाळलेले नाहीत. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी अशा चार बाटल्या घेतल्यात. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरायची आणि तो वास मनात आठवायचा. याने नाक परत शिकतं म्हणे. तुला फोनवर ऐकू येत नाही, नाहीतर हे तीन महिने मी तुझ्यापासून लपवूच शकले नसते.

काकांना नमस्कार. तुझा लोभ मला वासाशिवायही कळतो, तो तसाच असू दे.

तुझी,
मृण्मयी

---

सांगली,
२५ एप्रिल २०२१

॥ श्री ॥

चि. सौ. मृण्मयीस,
नीलांबरीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लपवतेस होय गं माझ्यापासून? नागरमोथा पाठवला आणि तू वाळा लिहिलंस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. सहा वर्षांची असताना डोळ्यांवर रुमाल बांधून बसवली की माझ्या उटण्याच्या डब्यांतला नागरमोथा तू एका फटक्यात ओळखायचीस. म्हटलं, नोकरीच्या गडबडीत चुकली असेल. तीन महिने! मी काय परकी आहे?

आता रडणं आवरलं असेल तर ऐक. बाटल्या सोडू नकोस. पण नुसतं बाटल्यांनी भागायचं नाही. तुम्ही घरात कोंडून बसलात, खिडक्या लावलेल्या, कुठून काही यायचंच नाही. उघड्यावर जा. गवत, शेण, ओली माती, पिकलेलं फळ, जे दिसेल त्यात नाक खुपस. लोक हसतील, हसू देत. हे म्हणतात, तिकडच्या गाईसुद्धा अंघोळ केलेल्या असतात, त्यांना कसला वास. यांचं मनावर घेऊ नकोस. तपकीर ओढून ओढून यांचं स्वतःचं नाक तीस वर्षांपूर्वीच गेलंय.

इकडे साथ फार वाढली आहे. रोज कुणाचं ना कुणाचं ऐकायला येतं. आम्ही दार लावून आहोत. पुडी पाठवत आहे. ओळखू आली नाही तरी ‘नाही आली’ असं लिही. ठोकून द्यायचं नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. आमची माया पोस्टाच्या आधी पोचते, तेवढ्यावर भागव.

तुझी,
नीलांबरीआत्या

---

आल्मेरे,
२० जून २०२१

ती. सौ. आत्यास,
मृण्मयीचा सा. न. वि. वि.

पुडी: ओळखू नाही आली. खरं लिहिलंय.

मेमध्ये तुझं एकही पत्र नाही. काका मोबाईलवर ‘ठीक’ एवढाच एक शब्द पाठवतात, त्यावर मी किती दिवस काढायचे? दोन ओळी तरी खरड.

तुझं म्हणणं ऋषभने माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. गेल्या शनिवारी तो एक कॅम्परव्हॅन घेऊन दारात हजर. म्हणजे चाकांवरचं घरच, बिछाना, शेगडी, नळ, सगळं आत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल पण चढावर माझ्यापेक्षा जास्त धापा टाकते. दोघांचेही लशीचे डोस जुलैत पुरे होतील, की ३१ला निघायचं. बेल्जियम ओलांडून फ्रान्स, तेही शहरं टाळून खेड्याखेड्यांतून. मी यादी केली आहे: मोहरी, गवताच्या गंज्या, खरबुजं, चीज, आणि शेवटी दक्षिणेत लॅव्हेंडरची शेतं. रोज एक वास. आला तर आला, नाही तर दुसऱ्या दिवशी पुढचा. रिकामं नाक घेऊन मी परत यायची नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या दहा दिवसांत आम्ही न्योंस गावाजवळ एका शेतावर थांबणार आहोत. पत्ता मागे लिहिला आहे. तुझा गोडा मसाला तिथे पाठवशील? लहानपणापासून जो वास मला सगळ्यांत पक्का ठाऊक आहे, तो शेवटी ठेवायचा आहे.

रागावलीस तरी चालेल, पण रागाने का होईना पत्र लिहीत जा.

तुझी,
मृण्मयी

---

सांगली,
१० जुलै २०२१

॥ श्री ॥

चि. सौ. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

मेमध्ये थोडा ताप होता, आता काही नाही. तू उगाच काळजीचे डोंगर उभे करू नकोस. वय झालं की माणूस जरा विसरभोळं होतं, एवढंच. परवा मी ओट्यापाशीच भाजी निवडत बसले होते आणि मागे दूध आटून पातेलं काळं झालं. हे धावत आले, आणि आता बहिरेपणाच्या जोडीला वेंधळेपणाही आला म्हणून आठवडाभर मला चिडवत आहेत.

मसाला पाठवत आहे. मुद्दाम तुझ्यासाठी ताजा केला, एकेक जिन्नस वेगळा भाजून. अगदी नेहमीसारखा झाला आहे. गाडी हळू चालवा. वाटेत हार मानून परत फिरलीस तर गाठ माझ्याशी आहे.

जावईबापूंना आशीर्वाद सांग. लोभ वाढवायला जागा उरलेली नाही, तरी वाढव.

तुझी,
नीलांबरीआत्या

---

न्योंसजवळ, फ्रान्स,
२४ ऑगस्ट २०२१

ती. सौ. आत्यास,
मृण्मयीचा सा. न. वि. वि.

आधी सगळं क्रमाने सांगते, मग तुझ्याशी भांडते.

पहिले दोन आठवडे शून्य. मोहरीच्या दुकानात डोळ्यांत पाणी आलं, नाकात काही नाही. गवताच्या गंजीत तोंड खुपसलं तर शिंका. एका गावात खरबूज हुंगत इतका वेळ उभी राहिले की विकणाऱ्या बाईंनी ते मला देऊन टाकलं. लॅव्हेंडरची शेतं कापून झाली होती, पण अर्क काढायची भट्टी चालू होती. वाफेच्या त्या ढगात ऋषभला गरगरायला लागलं आणि मी मात्र कोरडी. त्या दिवशी मी गाडीच्या पायरीवर बसून खूप रडले. ऋषभ म्हणाला, परत जायचं असेल तर आत्ता गाडी वळवतो. मी यादी काढली आणि पुढचं गाव कुठलं ते दाखवलं.

आता हसायचं. या गाडीत संडासाखाली एक पेटी असते. दोन दिवसांनी ती हातानेच बाहेर काढून ठरलेल्या जागी ओतायची. मला वास येत नाही म्हणून ते काम अर्थातच माझ्याकडे. १६ तारखेला सकाळी झाकण उघडलं आणि मला भडभडून ओकारी आली. आत्या, वास आला! इतका घाण, इतका खराखुरा! पेटी तशीच टाकून मी नाचायला लागले. शेजारच्या गाडीतले डच आजोबा मला काही चावलं की काय म्हणून धावत आले. ऋषभने त्यांना कारण सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले की अभिनंदन, पण पेटी धुवा. त्यानंतर एकेक येत गेलं: डिझेल, मग लसूण, मग लवंग.

आणि काल तुझा मसाला पोचला. पुडी उघडली, डोळे मिटले, हुंगली आणि थबकले. दगडफूल करपलेलं. काही जणांना परत येणारे वास आधी वेडेवाकडे येतात, म्हणून मी स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवला नाही. ऋषभला दिलं, तो म्हणाला काहीतरी जळकं आहे. शेतमालकीणबाई ऐंशीच्या आहेत, त्यांना दिलं, त्यांनी आपल्या भाषेत जळलं म्हणून नाक मुरडलं. मसाला मुळातच काळा, डोळ्यांना कळायचं नाही. पण तुझ्या हातून दगडफूल करपतं? पन्नास वर्षांत एकदाही नाही. दुधाचं पातेलं शेजारी काळं होतं आणि तुला पत्ता नाही?

मेमधला ताप कसला होता, आत्या? कधीपासून वास येत नाही तुला? लपवतेस होय गं माझ्यापासून? मी काय परकी आहे?

चार बाटल्या तुझ्यासाठी बांधून ठेवल्यात, उद्या गावातल्या पोस्टात टाकते. सकाळ-संध्याकाळ. चुकवायचं नाही. माझी चाचणी २७ सप्टेंबरला आहे. तोवर मला खरं उत्तर पाहिजे.

भांडण संपलं नाही, पण मिठी मारल्यासारखं समज.

तुझी,
मृण्मयी

---

सांगली,
३ ऑक्टोबर २०२१

॥ श्री ॥

चि. सौ. मृण्मयीस,
नीलांबरीचे अनेकानेक आशीर्वाद.

चाचणीत पास झालीस, हे जावईबापूंनी यांच्या मोबाईलवर कळवलं. मी देवापुढे साखर ठेवली आणि सगळ्या आळीला सांगून आले. माझ्या हातचं दगडफूल ज्या नाकाने पकडलं ते नापास होतंय कशाला!

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. हो गं, खरं आहे. मेच्या आठ तारखेपासून. यांनाही सांगितलं नव्हतं. लाज वाटली. उभा जन्म या नाकाच्या जिवावर काढला, लोक मसाला माझ्या नावाने नेतात, आणि मला हिंग आणि अबीर सारखेच. शिवाय तू तिकडे चार बाटल्या घेऊन लढत होतीस. म्हातारीचंच नाक गेलं म्हटल्यावर तू धीर सोडशील, अशी भीती वाटली. भाजताना हाताच्या सवयीवर भरवसा ठेवला, तो चुकला. घरातला करपलेला सगळा मसाला टाकून दिला.

तुझ्या बाटल्या गणपतीनंतर आल्या. त्या दिवसापासून रोज दोनदा घेते, एकदाही चुकवलेलं नाही. अजून काही नाही. तुला आठ महिने लागले, मला वर्ष लागेल. माझं नाक तुझ्याहून म्हातारं आहे, पण हट्ट म्हातारा नाही. यांची तपकीरही हुंगून पाहिली. नुसत्या शिंका.

आता कामाचं. दिवाळी महिन्यावर आली आणि उटण्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे निरोप येत आहेत. माझ्या कपाटात नऊ डबे आहेत, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी आणि बाकीचे, सगळे दळलेले, सगळे तपकिरी. एकावरही नाव नाही. नाव घालायची कधी गरजच पडली नव्हती. म्हणून प्रत्येकातली एकेक चिमूट पुडीत बांधून, वर एक ते नऊ आकडे टाकून पाठवत आहे. रुमाल बांध आणि ओळख. उत्तर पत्राने नको, यांच्या मोबाईलवर लगेच कळव, म्हणजे डब्यांवर चिठ्ठ्या लावते.

चिठ्ठ्या पेन्सिलीनेच लिहिणार आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत खोडायच्या आहेत.

तुझी,
नीलांबरीआत्या