जंबेरीचे फुटवे

माय, हे पत्र लिहायचं मी दोन वर्षं टाळलं. कधी शाई नव्हती, कधी आसेगावचा बाजार होता, कधी कोणी नुसतं चाल म्हणालं आणि मी निघालो. खरं कारण खाली येईलच.

तू गेलीस तेव्हा मी चौथीत होतो. शाळा सुटली ती सुटलीच. पण पाटलाच्या बागेतला तुझा हात आठवतो. जंबेरी लिंबाच्या काटेरी रोपाला छेद देऊन तू त्यात संत्र्याचा डोळा बसवायचीस, केळीच्या सोपटानं बांधायचीस, आणि मग रोज सकाळी ओळीनं फिरून खालचे फुटवे नखानं खुडायचीस. एकदा ते काम मला दिलंस आणि मी मुंगसामागं पळालो. कान धरलास. "ध्यान कुठं हाय तुहं? जंबेरी खालून उठली का वरचा डोळा उपाशी मरते. मंग लोकायले काय देशीन, काटे?"

वाशीमच्या रस्त्याला विहिरीजवळ जागा मिळाली आणि मी नर्सरी काढली. पेरू, लिंबू, संत्रा. पाटी मीच रंगवली; त्यावरचं संत्रं टमाट्यासारखं झालं, लोक हसायचे, ते असो. पहिल्या साली डोळे असे बसवले की तूही वाकून पाहिलं असतंस. मग तंबूतला सिनेमा आला. मशीनवाला म्हणाला, "चाल बे, पुढच्या गावालोक." तीन गावं झाली, महिना गेला. परत येतो तर रोपं हिरवीगार, गुडघ्याच्या वर, आणि डोळे काळे पडून वाळलेले. वाढली होती ती नुसती जंबेरी.

उपटणारच होतो. तेवढ्यात रिठदची एक विधवा बाई बंडी घेऊन आली, सोबत तिचा थोरला दीर. "वांगे-मिरच्या सोडून संत्र्याचा बाग लावतो म्हणते," तो हसला. "बाईमाणसाचा बाग! माकडं पोसा आता." त्याच्याशी बोलायची तिला रीत नाही. पदर ओढून ती माझ्याकडं वळली. "भाऊ, चांगले निवडून देजो. मले लोकायचे तोंडं बंद करायचे हायेत." आणि मी, माय, तीच शंभर रोपं बंडीत चढवली. त्याला दोन वर्षं झाली. कशी जोमदार, म्हणून ती खुश होती.

परवा तिच्या वावरावरून गेलो. भाजीचा एक वाफा उरला नाही. घागरीनं पाणी घालत होती. मला बांधावर बसवून भाकर दिली. "पाह्य न भाऊ, झाडं कसे उठून राह्यले! यंदा नाही तं पुढच्या साली लागतीनच." अजून उपाय आहे, त्याच झाडांवर नवे डोळे भरता येतात. हंगाम पंधरा दिवसांत सरेल. पण आधी तोंड उघडावं लागतं, आणि उघडलं की या नर्सरीत पुन्हा कोण पाय ठेवणार? भाकर खाल्ली. निघून आलो. तुला सांगितलं की तिला सांगायचा दम येईल, म्हणून लिहायला बसलो. हे कुठं टाकायचं, तेही माहीत नाही.

थांब. बंडी वाजली. तिचा दीरच आलाय, एकटा. फाटकातूनच ओरडतोय, "अबे, भावसुनेनं तं माही जिरवली! काय माजले तिचे झाडं! मलेबी तसेच दे, दोनशे."

सांगायलाच उठलो होतो, माय. तोंडातून एवढंच निघालं, "बसा."