सासऱ्यांचं आजारपण

१२ जानेवारी
गर्भपिशवी काढून महिना झाला. पूर्ण बरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वजन उचलू नका, खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करा, काही वाटलं तर या. काही वाटत नाही. उद्यापासून बोईसरच्या बाजारात. जागा रिकामी दिसली की दुसरी बसते.

१३ जानेवारी
मासळीची पाटी उचलली. शिंक आली. साडी ओली. बर्फाचं पाणी असणार.

१९ जानेवारी
आज पाटीत सुके बोंबील होते. तरी साडी ओली. घाम. व्यायाम सोमवारपासून.

२ फेब्रुवारी
सोमवार गेला. थंडी होती. त्यापेक्षा पाणी पिणं बंद केलं, हे जास्त सायंटिफिक. शेजारी बसणारी जमना विचारते, तू आता हसत नाय ती कशाला गो. हसलं की होतं, हे तिला कशाला सांगू. तसं हसावंसंही वाटत नाही.

९ फेब्रुवारी
मोठ्या माणसांचे डायपर घेतले. फक्त प्रिकॉशन. मेडिकलवाल्या मेहुलने विचारलं, कोणासाठी. म्हटलं, सासऱ्यांसाठी. ऐंशीचे आहेत, कधीतरी लागणारच. खोटं नव्हे, ॲडव्हान्स.

११ फेब्रुवारी
मेहुलने जमनाकडे सासऱ्यांची चौकशी केली, जमनाने ती बातमी आमच्या मुरबे गावभर केली. संध्याकाळी बायका शहाळी, बिस्किटं घेऊन हजर. सासरे अंगणात जाळं विणत होते. त्यांनी बायकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. जाळं ठेवलं, आत जाऊन खाटेवर पडले. म्हणाले, हाय जरा तरास.
म्हणजे मी चुकले नव्हते. त्यांना खरंच बरं नाही.

१५ फेब्रुवारी
बायका आल्या की कण्हतात, गेल्या की जाळं विणतात. म्हातारपणी असं होतं. त्यांची काळजी वाटते. बाकी मला काहीच वाटत नाही.

१८ फेब्रुवारी
सासरे म्हणाले, मी डाक्टरकडं नंबर लावलाय, सोबत चल. तुज्या जागेवर जमना लक्ष ठेवील, बोललोय तिला.
पालघरला गेलो. दवाखाना बायकांचा निघाला. वयाने समज कमी होते. बाकावर बसलो. नर्सने नाव पुकारलं. माझं होतं. सासरे दाराकडे बघत म्हणाले, जा गो, मी हाय हितं.
मी उठले. बाकावर ओलं होतं. सासरे सरकून त्या जागी बसले.