शेवट गिळणारी भाषा

इंदोरा, नागपूर
दि. ११ ऑगस्ट १९७४

ती. सिंधूताईस, धाकट्या देवरावचा सविनय जयभीम. वि. वि.

विद्यापीठात फ्रेंच शिकायची वर्षाची फी ऐंशी रुपये, असे पावतीवर छापले आहे. पावती खरी, पण अर्धवट. शब्दकोश मुंबईहून मागवला, तेवढ्या पैशात दुकानाला एक नवा भोंगा आला असता. लग्नात सनईची टेप वाजवणारा आपला टेपरेकॉर्डर आता लग्नाला जात नाही, घरी बसून तुझ्या भाचीचे उच्चार ऐकतो. माझ्या हाताखालचा नत्थू लग्नात जुन्या तबकड्या लावतो आणि वरबाप माझ्याकडे बघतात. शिवाय माझी दुपारची झोप गेली, तिची किंमत अजून कोणी लावलेली नाही.

तक्रार नाही. प्रेमिला मॅट्रिकला इंग्रजीत पहिली आली तेव्हा दहा जणांनी सांगितले की पोरीला टायपिंगला घाला. त्याच दिवशी मी फ्रेंचचा फॉर्म आणला. आता भोगतो आहे.

यांना संस्कृतीचा वेगळा पेपर असतो. त्यात फ्रान्समध्ये चीजच्या जाती किती, राजाची मान कोणत्या साली उडवली आणि जेवण झाल्यावर सुरी ताटात कशी ठेवायची, हे येते. पोरगी एका हाताने भाकरी मोडते आणि दुसऱ्या हाताने सुरीचे नियम लिहून काढते. जाती सोडून आपण इतक्या लांब आलो आणि हिला चीजच्या जाती पाठ कराव्या लागतात.

पण खरी गंमत भाषेची. शब्द लिहायला आठ अक्षरे, बोलायला तीन. शेवट सगळा गिळायचा. तिचे कृष्णकांत सर घरी आले होते, गृहस्थ भला आहे, पण तोंडातल्या तोंडात असा बोलतो की मराठीसुद्धा फ्रेंच वाटावी. ही लागण गावभर झाली आहे ताई. नत्थू वाक्याचा शेवट गिळतो. बँकेतला कारकून गिळतो. प्रेमिला स्वयंपाकघरातून काही सांगते ते तर संपूर्ण फ्रेंचच असते.

सभांना ती माझ्याबरोबर येते. मशीनपाशी बसून क्रियापदे पाठ करते आणि मधूनच पेन्सिलीने माझ्या कोपराला टोचते. अभ्यासात लक्ष नाही, दुसरे काय. मी आपला तेवढ्यात आवाजाचे बटन जरा कमी करतो.

तू दुकानाच्या मुहूर्ताला दिलेले घड्याळ वेळ बरोबर दाखवते, पण टोले द्यायचे विसरले. सीताबर्डीच्या घड्याळजीने दोनदा उघडले आणि दोनदा म्हणाला की काही बिघाड नाही. मी त्याला सांगितले की बाबा, दीक्षेच्या दिवशी मैदानात पार मागे उभा राहून ज्याने शब्द न शब्द ऐकला आणि दुसऱ्या वर्षी मिल सोडून भोंग्याचा धंदा टाकला, तो माणूस तुझ्यासमोर उभा आहे. कान हेच माझे भांडवल, त्यातून आजवर काही सुटलेले नाही. तो गप्प बसला. प्रेमिलाही म्हणाली की जाऊ द्या. पटले असावे.

कळावे. आहे तेवढा लोभ ठेव, वाढवलास तर राग नाही.

तुझा
देवराव

---

पारशिवनी
ता. २६ ऑगस्ट १९७४

चि. देवराव यास सिंधूताईचे अ. आ.

तुझं पत्र भेटलं. दोनदा वाचलं, एकदा माझ्यासाठी अन एकदा शेजारच्या वच्छलेसाठी. ती म्हणे की तुमचा भाऊ पोरीची तारीफ करते का तक्रार, समजून नाही राहिलं. मी सांगतलं की तो लहानपणापासून असाच आहे, गोड खाते अन तोंड कडू करते.

पोरगी शिकते तर शिकू दे. पण मले एक सांग गा, त्या भाषेत बोलायले नागपुरात दुसरं आहे कोण? एक तो सर अन एक तुझा टेपरेकॉर्डर. दोघांतला बोलणारा कोणता, ऐकणारा कोणता?

घड्याळाले शिव्या देऊ नको. कापूस विकून घेतलं होतं, तवा दुकानदारानं माझ्यासमोर वाजवून दाखवलं. त्याचे टोले बारीक आहेत, चांदीच्या वाटीवर चमचा मारल्यासारखे. ऐकणाऱ्याले ऐकू येते.

तब्येत सांभाळ. या म्हातारीवर जीव असू दे, पत्रापुरता तरी.

तुझी ताई
सिंधू

---

इंदोरा, नागपूर
दि. १६ मार्च १९७५

ती. सिंधूताईस, देवरावचा सविनय जयभीम. वि. वि.

दोन बातम्या आहेत. पहिली ऐकून तू साखर वाटशील, दुसरी ऐकून परत मागशील.

प्रेमिला मुंबईला मुलाखत देऊन आली होती. फ्रान्स सरकारचे पत्र आले आहे. ऑक्टोबरपासून एक वर्ष तिकडच्या एका शाळेत मुलांशी इंग्रजी बोलायचे, त्याचा पगार देणार, राहायची सोय करणार. म्हणजे नागपूरच्या पोरीने फ्रान्सच्या पोरांना इंग्रजांची भाषा शिकवायची. जग कुठे चालले आहे मला ठाऊक नाही, पण भाडे ते देणार आहेत.

मी काय केले असेल ते तुला माहीतच. रिक्षावर दोन भोंगे बांधले, स्वतः माईक घेतला आणि इंदोऱ्यात गल्लीगल्लीत सांगून आलो. ज्यांनी टायपिंगचा सल्ला दिला होता त्यांच्या दारापुढे रिक्षा जरा जास्त वेळ उभी केली.

परत येतो तर पोरगी म्हणते, मी जाणार नाही.

कारण विचारले तर सांगत नाही. पैशाची अडचण आहे का, नाही. भीती वाटते का, नाही. आपल्या घरात दोघेच, तिची आई भागीरथा जाऊन सहा वर्षे झाली, म्हणून का, तर त्यावर फ्रेंचमध्ये काहीतरी बोलून उठून गेली. होकार तीस एप्रिलपर्यंत पोचला पाहिजे, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. कृष्णकांत सर आले आणि रडकुंडीला आले. ते पंधरा वर्षे फ्रेंच शिकवतात, पण फ्रान्स त्यांनी कॅलेंडरवर पाहिला आहे. मला शंका आहे की एखादा मुलगा मध्ये असावा. तू बाईमाणूस, तू विचार.

माझे मन ठिकाणावर नाही. परवा हिंगण्याला एका कारखान्याचे स्नेहसंमेलन होते. प्रेमिलाची परीक्षा, म्हणून ती नव्हती. मॅनेजरचे भाषण सुरू झाले आणि लोकांनी कानांवर हात ठेवले. मला वाटले भाषणामुळे. शेवटी नत्थू स्टेजवरून उडी मारून आला आणि त्याने बटन बंद केले, म्हणे माईक शिटी मारून राहिला होता. मी एक शिटी ऐकली नाही. नत्थू एरवी बरा आहे, पण त्याला लोकांसमोर मोठे व्हायची हौस. माणूस खोटे बोलेल ताई, मशीनचा काटा बोलत नाही. आवाज झाला की तो उडतोच, त्या वेळी त्याच्याकडे बघायचे राहून गेले एवढेच.

पोरीला समजाव. भोंग्यावर सांगितलेले परत घेता येत नाही.

तुझ्या मायेची सावली राहू दे, ऊन फार आहे.

तुझा
देवराव

---

इंदोरा, नागपूर
दि. २ एप्रिल १९७५

ती. आत्याबाईंस, प्रेमिलाचा सादर जयभीम.

तुमचे कार्ड मिळाले. पोस्टमनने, शेजारणीने आणि नत्थूकाकांनी वाचून झाल्यावर माझ्या हाती आले. मुलगा कोण, त्याचे आडनाव काय आणि तो दारू पितो का, या तीनही प्रश्नांचे उत्तर एकच. मुलगा नाही. असता तर सोपे झाले असते.

आत्याबाई, बाबांना ऐकू येत नाही.

सगळेच गेले असे नाही. ढोल ऐकू येतो, मोटारचा हॉर्न ऐकू येतो, माझे समोर बसून बोलणे निम्मे ऐकू येते आणि निम्मे ते ओठांवरून ओळखतात. बारीक आवाज गेले आहेत. अठरा वर्षे भोंग्याच्या शेजारी बसून गेले असावेत. कुकरची शिटी कळत नाही, म्हणून कंपनीला पत्र लिहिणार होते. माईकची शिटी कळत नाही, म्हणून मी पेन्सिल टोचते. फ्रेंचची क्रियापदे मला घरीही पाठ करता येतात हो, त्यासाठी कोणी चौकात जाऊन बसते का?

माझ्या तोंडी परीक्षेची टेप बाबांनीच भरली. मी उतारा म्हणत होते, मध्येच घड्याळाचे नऊ टोले पडू लागले. मी थांबले, ते संपल्यावर पुढे म्हटले. बाबा शेजारीच बसले होते. झाल्यावर हसून म्हणाले की मधे विसरलीस ना, मला बरोबर कळते. सरांनी ती टेप ऐकली आणि उच्चार छान आहेत, पण घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवा असे सांगितले.

आता सांगा, मी गेल्यावर हे दुकान किती दिवस चालेल? एक हिंगणा झाले. अशी आणखी दोन झाली की कामाची सुपारी बंद. आणि त्यांना सांगायचे कोणी? कानाला भांडवल म्हणणाऱ्या माणसाला भांडवल बुडाले हे मी कोणत्या भाषेत सांगू? मला तीन येतात, तिन्हींत जमले नाही.

त्यांना यातले काही लिहू नका. मी इथे शिकवणी धरीन. फ्रान्स काही पळून जात नाही.

तुमची माया मला नेहमी जास्तच मिळाली आहे, तेवढीच पुरे.

तुमची
प्रेमिला

---

पारशिवनी
ता. ८ एप्रिल १९७५

चि. देवराव यास सिंधूताईचे अ. आ.

पोरीनं मले सांगतलं की बाबाले लिहू नका. म्हणून मी तिचं काही लिहून नाही राहिली. माझंच लिहून राहिली.

दिवाळीले मी तुझ्याकडं आली होती. दारातून चार हाका मारल्या, तू पेपर वाचत बसला. मले वाटलं भाऊ मोठा माणूस झाला, आता बहिणीले ओ देत नाही. दोन दिवस राग धरला. आता वाटते काहून धरला.

भोंग्यावर सांगून आला की पोरगी फ्रान्सले चालली. भोंगा तुझा, पण पोरगी काहून थांबली ते इंदोऱ्यात तुले सोडून बहुतेक सगळ्यायले माहीत असंन. नत्थूले माहीत आहे. तिच्या सराले माहीत आहे. त्या घड्याळजीले तर पहिले माहीत झालं, पण तू गिऱ्हाईक अन तोंडानं तिखट, म्हणून तो बिचारा गप्प.

माझं ऐकू नको, पोरीचंही ऐकू नको. तूच लिहिलं होतं की माणूस खोटं बोलते, मशीनचा काटा बोलत नाही. तर पोरीच्या परीक्षेची टेप लाव. ती मधात थांबते तिथं कान दे अन काट्यावर डोळा ठेव. मंग मले काय ते लिही. तीस तारखेच्या आत लिहिलं तर बरं, नाही तर पत्र मले भेटन अन जागा दुसऱ्याले.

रागावला तर रागाव, पण माया तोडू नको. तोडलीस तरी मी लिहिणारच.

तुझी ताई
सिंधू

---

इंदोरा, नागपूर
दि. १९ ऑक्टोबर १९७५

ती. सिंधूताईस, देवरावचा सविनय जयभीम. वि. वि.

एप्रिलमध्ये तुला एका ओळीचे कार्ड टाकले होते की होकार पाठवला. बाकीचे लिहायला सहा महिने लागले. टेपचे तू विचारले होतेस, ते शेवटी लिहितो.

प्रेमिला सुखरूप पोचली. तिचे पहिले पत्र आले. पाच वर्षे घोकलेली फ्रेंच घेऊन उतरली आणि स्टेशनवर हमालाने काय विचारले ते तिला कळले नाही. सुरी ताटात कशी ठेवायची हे तिच्या घरमालकिणीलाच माहीत नाही, ती बाई हातानेच पाव तोडते आणि रश्शात बुडवते. शंभर मार्कांचा पेपर गेला पाण्यात. शाळेतली पोरे हिला विचारतात की तुमच्याकडे वाघ घरात येतात का. हिने सांगितले की वाघ नाही, पण माझे बाबा आहेत.

जाण्यापूर्वी तिने दोन अटी घातल्या. एक, मी डॉक्टरला दाखवायचे. दुसरी, नत्थूचे ऐकायचे. पहिली सोपी होती. मुंबईहून मशीन आले आहे, खिशात डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. लाज वाटेल असे वाटले होते. पण लोक म्हणतात की वायरवाल्याच्या अंगावर वायर असायचीच, त्यामुळे कोणी विचारतसुद्धा नाही. अठरा वर्षे मी गावाच्या कानाला भोंगा लावला, आता गावाने माझ्या कानाला लावला.

दुसरी अट जड आहे. नत्थूला पेन्सिल घेऊन दिली. तो पोरीपेक्षा जोरात टोचतो आणि त्या मोबदल्यात क्रियापदे मात्र एकही पाठ करत नाही. यंदा आणीबाणीमुळे सभा बंद आहेत, त्यामुळे लग्नांवरच भागते, आणि लग्नात माईक कमी, सनई जास्त. टेपरेकॉर्डर परत कामावर रुजू झाला आहे.

घर मोठे वाटते. भाकऱ्या मी करतो. त्या गोल होत नाहीत, पण परीक्षक नाही.

मशीन लावून मी तिच्या फ्रेंचच्या सगळ्या टेपा पुन्हा ऐकल्या. नीट ऐकल्या. कृष्णकांत सरांनाही बोलावले. ते लोक शब्दांचे शेवट खरोखरच गिळतात ताई. सरांनी मान्य केले. तेवढे माझे बरोबर निघाले, हे वच्छलाबाईंना मोठ्याने वाचून दाखव.

तू हाका मारल्यास त्या दिवशीची ओ आता देतो. दिवाळीला ये.

कळावे. बहिणीचा लोभ लहान भावाने मागायचा नसतो, पण मागतो.

तुझा
देवराव

ता. क. टेपचे राहिले. एप्रिलमध्ये तुझे पत्र आले त्याच दुपारी ती लावली. पोरगी मधे थांबते तिथे मला काही ऐकू आले नाही. काटा मात्र नऊ वेळा उडाला. घड्याळ कधी बिघडलेच नव्हते.