दोन सिद्रा

मंगळवार, संध्याकाळ

मन थाऱ्यावर नाही. महिनाअखेरीस माझी जागा घेणारी सौदी नर्स नूरा आज पहिल्यांदाच एकटीने फोन घेत होती. सिद्रा गावातून एका माणसाचा फोन आला, बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. नूराने नकाशा पाहून ओढ्याकाठच्या सिद्राला अ‍ॅम्ब्युलन्स पाठवली. नकाशात तेवढंच आहे. डोंगरावर मोजक्या घरांचं दुसरं सिद्रा आहे, हे जिझानकडच्या या दवाखान्यात इतकी वर्षं काढून मला ठाऊक. मी शेजारीच बसून ऐकत होते; त्या माणसाने फोनवर आडनाव सांगितलं तेव्हाच कळलं, हा वरचा.

आणि मी गप्प बसले. किती वेळ? मिनिटभर? तिला चुकू दे, असं वाटलं का मला? हो, वाटलं.

मग ड्रायव्हरला फोन केला, "वरच्या सिद्राला जा, लवकर." परतताना गाडीतच मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

नूरा म्हणाली, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून निभावलं. उद्या मला सगळी गावं फिरून दाखवाल?"

हो म्हटलं. मिनिटभरच होतं ना? की जास्त?

उद्या निघण्याआधी तिला सांगायचं, की मला ठाऊक असून मी गप्प बसले. गावांची नावं त्यानंतर.