पूर्वपक्षाची खुर्ची

हिंगोली
३ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप भीमराजकाका,
सविनय जयभीम.

अक्षर वाकडे आले आहे. घाईत लिहिते आहे. आमच्या महाविद्यालयाच्या नियामक मंडळाने तासिका तत्त्वावरच्या आम्हा अकरा अध्यापकांचे म्हणणे २३ तारखेला ऐकायचे ठरवले आहे, आणि बोलायचे आहे मी. मागणी एकच: उत्तरपत्रिका तपासणे, परीक्षा, प्रवेशसमिती ही वर्गाबाहेरची कामे आम्ही करतो, त्यांचेही मानधन संस्थेने द्यावे. पूर्णवेळ नोकरीतले डॉ. गोपाळ सर आणि मी एकच विषय शिकवतो, एकाच टेबलावर गठ्ठे तपासतो. त्यांच्या एका महिन्याच्या वेतनात माझे सहा महिने बसतात. तेच परवा म्हणाले की मॅडम, तुमी बोलाच, आमाला तर बोलायला तोंड न्हाई.

या वेळी काही झाले नाही तर नोकरी सोडून वाशिमच्या खासगी शिकवणी वर्गात जाईन, असे आईला सांगून बसले आहे. तुम्ही इथेच तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेत, तेव्हा भाषण तुम्हीच लिहून द्या. माझा मसुदा सोबत आहे. हसू नका.

लोभ आहेच, तो या महिन्यापुरता थोडा वाढवावा.
तुमची पल्लवी

कळमनुरी
७ ऑगस्ट

चि. पल्लवीस अनेक आशीर्वाद.

मसुदा वाचला. दोन पानांत 'अन्याय' हा शब्द नऊ वेळा आला आहे आणि कारण एकदाही आलेले नाही. भाषण मी लिहून देणार नाही. जुन्या वादसभांची शिस्त अशी होती की, प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी आपणच मांडायचा. तोही इतका भक्कम की प्रतिपक्षाने त्याखाली आनंदाने सही करावी. खंडन त्यानंतर. तेव्हा प्रथम मंडळाची बाजू लिहून पाठव.

तुझी सेवाकाकू म्हणते की पोरगी मदत मागून राहिली अन् तुमी तिला गृहपाठ देऊन राहिले. तिचे म्हणणे बरोबर आहे. एवढे मात्र कबूल करतो की तुझे पत्र आल्यापासून माझी दुपारची झोप बंद झाली आहे.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
काका

हिंगोली
१२ ऑगस्ट

तीर्थरूप काका,
सविनय जयभीम.

पूर्वपक्ष लिहावा लागला नाही, सापडला. आमचे शिपाई जळबामामा यांनी जुन्या दफ्तराची खोली उघडून दिली, आणि मॅडम काहून एवढी धूळ खाऊन राहिल्या म्हणून दहादा हटकले. तिथे जून १९९४ चे टिपण मिळाले. त्यात म्हटले आहे की, तासिका हेच मोजता येणारे काम होय. तयारी, तपासणी व परीक्षा ही अध्यापकाच्या विद्याव्रताची अंगे होत. व्रताचे मोल करू नये. सबब मानधन तासिकेचेच द्यावे. मंडळ एकतीस वर्षे यावरच चालत आले आहे, आणि अध्यक्ष हेच वाचून दाखवणार आहेत. मी तीन दिवस झटले. एक फट सापडत नाही.

काका, खालची सही खरोखरच आनंदाने केलेली दिसते. ती तुमची आहे. आता तुमच्याविरुद्ध उभी राहू की गप्प बसू, ते तुम्हीच कळवा.

मायेत अंतर पडू देऊ नका.
पल्लवी

कळमनुरी
१६ ऑगस्ट

चि. पल्लवीस आशीर्वाद.

दुसऱ्याच वाक्याला ओळखले. सहीपर्यंत जावे लागले नाही. तेव्हा संस्थेला तीन पूर्णवेळ जागा भरायच्या नव्हत्या, आणि एका तरुण विभागप्रमुखाला आपली विद्वत्ता दाखवायची होती. निष्कर्ष मला आयता मिळाला. कारणे मी पुरवली. त्याचा मला अभिमानही वाटला.

टिपण मागे घेतल्याचे पत्र मी देऊ शकतो. पण मागे घेतल्याने ते चूक ठरत नाही. म्हणून अध्यक्षांना कळवले आहे की २३ तारखेला पूर्वपक्षाच्या खुर्चीवर मी बसेन आणि संपूर्ण ताकदीने बोलेन. फट कोठे आहे ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही; ती तू काढलीस तरच मी हरलो असे होईल. वादात हरलेल्याने जिंकलेल्याचे शिष्यत्व पत्करावे, हा जुना संकेतही मला मान्य आहे.

काकूने माझा कोट उन्हात टाकला आहे. तिची ताकीद अशी की, जिंकले तर कोटासकट तिकडंच राहा.

तुझे भले चिंतणारा प्रतिपक्षी,
काका

कळमनुरी
२४ ऑगस्ट

आदरणीय प्रा. पल्लवी यांना,
सविनय जयभीम.

कालपासून मी सभा मनात चार वेळा चालवून पाहिली. चारही वेळा हरलो. मी चाळीस मिनिटे बोललो आणि अध्यक्ष मान डोलावत राहिले. आपण उठून एवढेच विचारलेत की, ज्या जूनमध्ये सरांनी हे टिपण लिहिले, त्याच्या आधीच्या मे महिन्यात सुट्टी होती आणि एकही तासिका झाली नव्हती. तर त्या महिन्याचे पूर्ण वेतन सरांनी कशाबद्दल घेतले. उत्तरपत्रिकांच्या तपासणीबद्दल म्हणावे, तर आपली मागणी सिद्ध होते. कशाबद्दलही नाही म्हणावे, तर ते वेतन मला परत करावे लागते. तिसरी वाट नव्हती. मी खाली बसलो, आणि एकतीस वर्षांत इतका हलका कधी झालो नव्हतो.

मंडळाने तपासणी व परीक्षांचे मानधन याच सत्रापासून मान्य केले. प्रवेशसमितीचे पुढे ढकलले. हे अपुरे आहे. पुढच्या सभेचा पूर्वपक्ष मी आज सकाळीच लिहायला घेतला. निघताना जळबा म्हणाला की सर, पोरीनं तुमाला बराबर धरलं. घरी निकाल सांगावा लागला नाही; मी कोटासकट परत आलो, यावरूनच सेवाला तो कळला.

विनंती एकच: वाशिमला जाऊ नये. गृहपाठ द्यावा, अक्षर नीट काढीन.

आपला विद्यार्थी,
भीमराज