धाब्यावर तापलेले सेल

१ मे १९६६, रविवार. तेल्हारा.
आपली लेक ललिता रेडिओवर! गेल्या आठवड्यात नागपूरला जाऊन जात्यावरच्या ओव्या म्हणून आली. तिथं आवाज भरून घेतला. १५ तारखेला संध्याकाळी साडेसहाला लागणार. वानखडे घराण्याचा आवाज आजवर फक्त भांडणात गावभर गेला, आता विदर्भभर जाईल. विहारात सगळ्यांना सांगून आलो, ऐकायला माझ्याच अंगणात या. मोहल्ल्यात ट्रान्झिस्टर एकट्या माझ्याकडे.
घरी येऊन लावून पाहिला. खरखर. मग खरखरही नाही.

२ मे.
बायको, केशर, म्हणे, सेल मेले, नवे आना. म्हटलं, सेल मरत नसतो, दमतो. उन्हात टाकला की उठून बसतो. हे शेंबड्या पोरालेही माहीत आहे. आमच्या वऱ्हाडाचं ऊन म्हणजे फुकटची बॅटरी.
चारही सेल धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर, टाकून ऑफिसला गेलो. संध्याकाळी रेडिओ खणखणीत! केशरकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती.

३ मे.
खणखणीतपणा बातम्यांच्या हेडलाइनपर्यंत टिकला. पॉवर कमी पडते. कारण शोधलं पाहिजे. मॅट्रिकला सायन्स होतं, फक्त निकालाच्या दिवशी नव्हतं.

५ मे.
कारण सापडलं. शेजारच्या देवमनच्या निंबाची सावली. तीनच्या सुमारास सेलवर येते. फांदी तोडली. देवमन म्हणे, बाबू, त्या फांदीखाली माही बाज होती, आता मी दुपारी कुठी निजू? म्हटलं, ललिताच्या गाण्यासाठी मोहल्ल्यानं थोडा त्याग करावा. तो म्हणे, त्याग सारा माहाच कावून? झाडावरून उतरताना पायजमा फाटला.

७ मे.
फांदी गेली, पॉवर आली नाही. खोल विचार केला. सेलला वरून कागद असतो. पांघरूण घेतलेल्या माणसाला ऊन लागेल का? सोलून काढले. राखेनं घासले. काय चकाकले! आता कोणत्या बाजूनं बसवायचे ते समजत नाही. तेवढं शिकून घेईन.

९ मे.
धाब्यावर उत्तम कोपरा एकच, आणि तिथं भागीरथाबाईच्या कुरडया. आमचं धाबं उंच, म्हणून शेजारीण दरवर्षी वाळवण इथंच घालते. कुरडया सरकवून सेल मांडले. बाई म्हणे, तुमचा रेडिओ खाऊन पावसाळा काढू का मी? केशर तिच्याच बाजूनं. घरात फितुरी आहे.

११ मे.
आरसे! सूर्य एकच, पण आरसे लावले तर पाच. केशरचा घेतला, ललिताचा घेतला, न्हाव्याकडून दोन आणले. न्हावी आज गिऱ्हाइकांना विचारून विचारून दाढी करून राहिला म्हणे. आरशांचा झोत थेट भागीरथाबाईच्या चुलीपाशी गेला. पुन्हा भांडण. चालायचंच.
ललिता म्हणे, बाबा, राहू द्या ना, देवमनकाकांच्या भावाच्या हॉटेलातल्या रेडिओवर ऐकू. पोरगी भाबडी आहे. माझ्या लेकीचं गाणं मी भज्याच्या घाण्याशेजारी बसून ऐकू? मला ते माझ्या अंगणात, चार लोकांत, खुर्चीवर बसून ऐकायचं आहे. एवढंच मागणं आहे माझं. यात काय चुकलं?

१३ मे.
सेलला पाझर फुटला. चिकट, पांढरट. केशर म्हणे, सडले. चूक. आत पॉवर मावेना, म्हणून उतू चालली. आजपासून सेल दोन तास कमी तापवणे.
कमी तापवले नाहीत. रिस्क नको.

१५ मे, रविवार, दुपार.
सकाळपासून धाब्यावर. डोक्यावर ओला दुपट्टा. आरसे सूर्याबरोबर फिरवतो आहे. सेल हातात धरवत नाहीत, एवढी पॉवर. केशरनं दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

१५ मे, रात्र.
लिहावं की नाही? लिहितो. कोण वाचतं?
सेलची ऊब जाऊ नये म्हणून गोधडीत गुंडाळून खाली उतरलो. अंगण भरलेलं, आणि ट्रान्झिस्टर चालू! ललिताची ओवी! क्षणभर वाटलं, पॉवर वरूनच खाली पोचली. मग केशरचा चेहरा पाहिला. तिनं देवमनकडून नवे सेल मागवले होते.
माझी लेक परक्या सेलवर गाणार? मला सहनच झालं नाही. दोन मिनिटं थांबा म्हटलं आणि मागचं झाकण उघडून नवे सेल काढले. माझे घातले. एक उलटा बसला की सगळेच, कोण जाणे. सगळे चिकटले मात्र. रेडिओ गप्प. अंगण गप्प. भागीरथाबाई तेवढी गप्प नव्हती.
चिमट्यानं उपसून नवे पुन्हा बसवले, तोवर निवेदक कपाशीवरच्या किडीबद्दल सांगत होता.
मी ललिताकडे पाहू शकलो नाही. पंधरा दिवस हेच ऐकायला तडफडलो, आणि मीच बंद पाडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवमन हळूच म्हणे, बाबू, बसा. बसलो. खाली, जमिनीवर.
तेवढ्यात ललिता उठली. राहिलेल्या ओव्या तशाच अंगणात उभं राहून म्हणाली. बाप नांगरट करतो, आणि लेकीला दूरवर त्याची हाक ओळखू येते, अशी शेवटची ओवी होती. मी ढसाढसा रडलो. आवाज इतका स्वच्छ, खरखर नावाला नाही.

१६ मे.
आरसे परत केले. भागीरथाबाईच्या कुरडया स्वतः पसरल्या, उत्तम कोपऱ्यात. रात्रीच्या आवाजाबद्दल विचार करून पाहिला. पॉवर भरपूर, सेल शून्य. यात संशोधनाला वाव आहे, असं केशरला म्हटलं.
केशर म्हणे, पोरगी घरात रोजच गाते जी. तुमी ऐकलं काय कधी?