मत्स्यगरुडांचं नवं बिऱ्हाड

२ नोव्हेंबर
पक्षिमंडळाच्या अध्यक्षबाईंनी यंदा नदीचं वळण माझ्याकडे दिलं. मत्स्यगरुडांची जोडी घरट्यासाठी जागा कशी निवडते ते पाहायचं. मंडळातल्या डेंटिस्टलाही वळण हवं होतं. बाई म्हणाल्या, नियमित गेला नाहीत तर त्यांना देईन. मी नुसता हसलो. मचाण झालं की रोज पहाटे पाच.

९ नोव्हेंबर
पाणथळीकाठच्या उंच झाडावर मचाण बांधलं. म्हणजे मेहुण्याने बांधलं, देखरेख माझी. घडीची खुर्चीही वर चढवली. पलीकडच्या काठावर जोडीचं गेल्या वर्षीचं घरटं स्वच्छ दिसतं. हे पक्षी जुन्याच घरट्याची डागडुजी करतात. निकाल लागल्यासारखाच आहे. मंडळात तसं सांगूनही टाकलं.

१० नोव्हेंबर, सकाळी ८.४०
गेलो नाही. पक्ष्यांना मचाणाची सवय होऊ द्यावी, असं पुस्तकात आहे. कोणत्या, ते बघून लिहीन.

१७ नोव्हेंबर
सवय होऊ देतो आहे. बायको म्हणाली, अहो, त्यांना झाली असेल एव्हाना, तुम्हाला कधी व्हायची?

२५ नोव्हेंबर
मी आळशी आहे का, याचा प्रामाणिकपणे विचार केला. दोन्ही बाजू तपासल्या. तेवढ्यात साडेसात झाले. आता जाणं म्हणजे पक्ष्यांच्या ऐन कामात लुडबुड.

४ डिसेंबर
गेलो! अर्ध्या वाटेपर्यंत. धुकं फार. धुक्यात पाहिलेलं लिहिणं माझ्या तत्त्वात बसत नाही. परतताना डेंटिस्ट भेटला, गुडघ्यापर्यंत चिखल. काय म्हणतायत तुमचे गरुड, म्हणाला. म्हटलं, जुनंच घरटं, सगळं ठरल्याप्रमाणे. असं का, म्हणाला आणि गेला. पटलं असावं बिचाऱ्याला.

१९ डिसेंबर
उद्या अध्यक्षबाई वळणावर येणार. माझ्या नोंदी थोड्या आहेत, पण एकही खोटी नाही. किती जणांना असं म्हणता येईल?

२० डिसेंबर
लांबच्या बांधावर उभे राहिलो. बाई, डेंटिस्ट, मेहुणा, मी. जुनं घरटं शाबूत, पण रिकामं. म्हटलं, जोडी यंदा उशिरा येणार. बाईंनी मला खांद्याला धरून मचाणाकडे वळवलं. वर काटक्यांचा हा ढीग, त्यातून माझ्या खुर्चीची पाठ डोकावतेय, मधोमध मादी अंड्यांवर बसलेली. मेहुणा म्हणाला, दाजी, बांधकाम पसंत पडलं हं त्यांना.

बाईंनी विचारलं, जुनं सोडून इथेच का? डेंटिस्ट म्हणाला, जुन्याखाली यंदा होड्या लागतात. इकडे गुराखी, तिकडे मी. त्या एका झाडाकडे मात्र कुणी फिरकत नाही, मी रोज पाहतोय ना.

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. हे जास्त वाईट.

२१ डिसेंबर
वळण डेंटिस्टकडे गेलं. पिल्लं उडेपर्यंत मचाणाजवळ जायला सगळ्यांना बंदी, मला विशेष करून सांगितली नाही. अहवालातला एकच रकाना बाईंनी माझ्याकडे ठेवला: जागा निवडण्याचं कारण. खात्रीची माहिती तुमच्याकडेच आहे, म्हणाल्या. तीनदा खोडलं. शेवटी खरं तेच लिहिलं: निरीक्षक आलाच नाही.